बायोडेटा खालून वर वाचा



व्याख्यानाआधी वक्त्याचा परिचय करून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि तो परिचय कायम वरून खाली येतो. आधी सध्याचं पद, मग त्याच्या आधीचं पद, मग पुरस्कार, मग पुस्तकं. पहिल्या नोकरीपर्यंत पोचेस्तोवर सूत्रसंचालकाची नजर घड्याळाकडे गेलेली असते आणि दुसऱ्या रांगेतले आजोबा पंखा वाढवायला सांगत असतात. माणूस कुठे पोचला ते सभागृहाला कळतं. तो निघाला कुठून आणि वाटेत कुठे आपटला, ते राहून जातं.

आजचा विषय आहे सरकारांच्या सल्लागार परिषदांवर बसणारे मोठ्या कंपन्यांचे अधिकारी, आणि त्यांच्या आयुष्यातल्या नोकऱ्या. विषय वाचून काहींना वाटलं असेल, दादरच्या माणसाचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. बंद गिरणीच्या जागेवर काय उभं राहणार, बंदर कुठे होणार, कोणत्या धंद्याला सवलत मिळणार, यावर ज्यांचं मत आवर्जून विचारलं जातं ती ही माणसं. ती निवडून आलेली नसतात. परीक्षा देऊन आलेली नसतात. वर्तमानपत्रात त्यांच्या नावापुढे पद आणि कंपनी छापून येते, बाकी काही नाही. मग यांना ओळखायचं कसं? आजचं म्हणणं एवढंच आहे की त्यांचा बायोडेटा खालून वर वाचावा.

धनवंतांना सल्ल्याला बोलावण्याची ही रीत मुंबईला नवी नाही, परदेशातून आलेलीही नाही. ती गिरगावातच रुजली. नाना शंकरशेट, म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. जन्म १८०३, मृत्यू १८६५. व्यापारी घराणं, सचोटीची ख्याती. अरब आणि अफगाण व्यापारी आपला पैसा यांच्याकडे ठेवायला येत, असं सांगतात. अशा माणसाला कंपनी सरकारनं शिक्षण मंडळावर घेतलं. जमशेटजी जिजीभॉय यांच्यासोबत ते रेल्वेच्या खटपटीत पडले, ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या संचालकांत बसले आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीतही बसले. १८६१च्या कायद्यानंतर मुंबईच्या विधी परिषदेवर नेमले गेलेले पहिले हिंदी सभासद तेच. आता विचारा, आगगाडी आली तर व्यापाऱ्याचा फायदा होणार नव्हता का? होणारच होता. सल्ला देणाऱ्याचा कसलाही हितसंबंध नसावा असा नियम त्या वेळी असता, तर गाडी आणखी काही वर्षं बोरीबंदरलाच उभी राहिली असती. हितसंबंध असणं हा दोष नाही. तो झाकून ठेवणं हा दोष आहे, आणि नानांचा तर सगळ्या गावाला ठाऊक होता.

पण नाना स्वतःच्या पैशाचे मालक होते. आज परिषदेवर बसणारा माणूस बहुतेक वेळा मालक नसतो. तो दुसऱ्याच्या भांडवलावर निर्णय घेणारा पगारी माणूस असतो. इथे एक मजेची गोष्ट लक्षात घ्या. ‘मराठी माणूस धंदा करत नाही, नोकरी करतो’ हे वाक्य आपण तीन पिढ्या टोमण्यासारखं ऐकत आलो. आणि जगातल्या मोठमोठ्या सल्लागार परिषदांवर बसतात कोण? प्रामुख्याने नोकरदारच. पगार घेणारे, बदली झाली की बाडबिस्तरा उचलणारे, वरिष्ठांसमोर उभं राहून आकडे सांगितलेले. फरक एवढाच की त्यांची नोकरी फार वरपर्यंत गेली.

या परिषदांचा आधुनिक नमुना पाहायचा तर शांघायला जावं लागतं. शांघाय म्हटलं की मुंबईकराच्या कपाळाला आठी पडते, कारण ‘मुंबईचं शांघाय करू’ हे आश्वासन आपण पुरेसं ऐकलं आहे. १९८९ साली शांघायचे महापौर होते झू रोंगजी, पुढे चीनचे पंतप्रधान झाले ते. परदेशी कंपन्यांचे प्रमुख वर्षातून एकदा बोलावायचे, एक विषय ठेवायचा आणि त्यांना म्हणायचं, आमचं शहर तुम्हाला कसं दिसतं ते सांगा, अशी परिषद त्यांनी भरवली. साल पाहा. त्याच वर्षी जूनमध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात रणगाडे फिरले होते आणि पाश्चिमात्य कंपन्या चीनकडे पाठ फिरवण्याच्या विचारात होत्या. अशा वेळी सल्ला मागणं हा सल्ल्याहून मोठा डाव होता. ज्याला सल्ला विचारला जातो, तो सहसा उठून जात नाही.

परिषदेचे पहिले अध्यक्ष होते मॉरिस ग्रीनबर्ग, अमेरिकेच्या एआयजी या विमा कंपनीचे प्रमुख. वरून वाचलं तर जगातल्या सर्वांत मोठ्या विमा कंपन्यांपैकी एकीचे सर्वेसर्वा. आता खालून वाचू. वय वाढवून सांगत सतराव्या वर्षी सैन्यात भरती झालेला मुलगा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला, नंतर कोरियाच्या युद्धातही गेलेला. कायदा शिकलेला, १९६०च्या सुमारास विम्याच्या या समूहात आलेला. आणि तो समूह कुठला? कॉर्नेलियस व्हँडर स्टार नावाच्या अमेरिकनानं १९१९ साली थेट शांघायमध्येच काढलेला. म्हणजे ग्रीनबर्ग शांघायला सल्ला द्यायला गेले, तेव्हा ते आपल्या कंपनीच्या जन्मगावी जात होते. १९४९च्या क्रांतीनं जे दार बंद केलं होतं, ते किलकिलं झालेलं त्यांना दिसत होतं. १९९२ साली शांघायमध्ये परदेशी विमा कंपनीला पहिला परवाना मिळाला. कोणाला? एआयजीला. पद वाचून हे समजलं नसतं. इतिहास वाचला की सल्ल्याची किंमतही दिसते आणि वसुलीही. पुढे २००५ साली हिशेबांच्या चौकशीत ग्रीनबर्ग यांना कंपनी सोडावी लागली आणि २००८ साली तीच एआयजी वाचवायला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला ८५ अब्ज डॉलर पुढे करावे लागले.

आता आपल्या घरी येऊ. अगदी दादरच्या पारशी कॉलनीत.

या कॉलनीत दादर पारसी यूथ्स असेंब्ली हायस्कूल नावाची शाळा आहे. या सभागृहातल्या काहींची नातवंडं तिथे जात असतील. त्या शाळेत पंडित आडनावाचा एक मुलगा शिकत होता, जन्म नागपूरचा, १९५७चा. वडील औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, म्हणजे घर नोकरदाराचं, चांगल्या नोकरदाराचं. मुलगा सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेला, कोलंबिया विद्यापीठात विजेची इंजिनिअरिंग शिकला, १९७६ला पदवी, १९७७ला पदव्युत्तर पदवी. मग रूळ बदलला आणि व्यवस्थापन, त्यानंतर वित्तशास्त्रात डॉक्टरेट. मधे काही काळ इंडियाना विद्यापीठात शिकवलं. १९८३ साली मॉर्गन स्टॅन्लीत रुजू झाला, अगदी खालच्या पायरीवर. या मुलाचं नाव विक्रम पंडित. डिसेंबर २००७ मध्ये तो सिटीग्रुप या बँकेचा प्रमुख झाला.

त्या वेळी मराठी वर्तमानपत्रांनी काय छापलं ते आठवून पाहा. ‘मराठी झेंडा अटकेपार’च्या चालीवर सगळं. नागपूरनं पंडित आपले म्हटलं, मुंबईनं आपले म्हटलं, दादरनं तर म्हटलंच. २००८ साली पद्मभूषण मिळालं. हे सगळं वरून वाचलेलं.

खालून वाचणारा एक प्रश्न विचारेल. हा माणूस बावीस वर्षं काय करत होता? मॉर्गन स्टॅन्लीत पंडित शेअर व्यवहारांच्या बाजूनं चढत गेले, यंत्रावरच्या खरेदी-विक्रीचं महत्त्व लवकर ओळखणाऱ्यांत ते होते, २००० नंतर काही वर्षं नॅस्डॅकच्या संचालक मंडळावरही होते. म्हणजे हा बाजाराचा माणूस, संस्थांशी व्यवहार करणारा. ठेवी, शाखा, क्रेडिट कार्ड, घरकर्ज, काउंटरवर उभा राहिलेला माणूस, हा सिटीबँकेचा अर्धा संसार होता आणि पंडितांच्या बायोडेटात तो कुठेच नव्हता. २००५ साली त्यांनी मॉर्गन स्टॅन्ली सोडली, सहकाऱ्यांसोबत ओल्ड लेन नावाचा फंड काढला. २००७ मध्ये सिटीनं तो सुमारे ८० कोटी डॉलरला विकत घेतला. पंडितांच्या वाट्याला त्यातले साडेसोळा कोटींच्या आसपास आले. वर्षभरात सिटीनं तो फंड बंद केला.

आणि मग २००८ आलं. सिटीला वाचवायला अमेरिकी सरकारनं ४५ अब्ज डॉलर घातले, शिवाय ३०० अब्जांहून जास्त मालमत्तेच्या तोट्याची हमी घेतली. नोव्हेंबर २००८ मध्ये ५० हजारांहून अधिक नोकऱ्या जाणार असं जाहीर झालं. मार्च २००९ मध्ये शेअरची किंमत एका डॉलरच्या खाली गेली. दादरच्या भाषेत सांगायचं तर एका मोठ्या बँकेचा भाग वडापावच्या प्रतिष्ठेलाही उरला नाही. पंडितांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं की बँक नफ्यात येईपर्यंत आपण वर्षाला एक डॉलर पगार घेऊ. त्यांनी तो घेतला. बँक सावरली, सरकारचे पैसे फिटले. ऑक्टोबर २०१२ मध्ये एका सकाळी त्यांनी पद सोडलं आणि बाजार बुचकळ्यात पडला.

याचा निवाडा काय करायचा? आपल्याकडे दोनच निवाडे माहीत आहेत, ‘आपला माणूस’ आणि ‘बुडवला त्यानं’. दोन्ही इथे अपुरे आहेत. एक डॉलरचा पगार खरा आहे आणि ओल्ड लेनचे कोट्यवधीही खरे आहेत. दोन्ही एकाच माणसाच्या एकाच बायोडेटात आहेत. अशा माणसाला उद्या एखाद्या सरकारनं बँका कशा वाचवाव्यात हे विचारायला बोलावलं, तर बोलवावं का? जरूर बोलवावं. बुडत्या जहाजाच्या सुकाणूवर पाच वर्षं उभा राहिलेला माणूस कुठून मिळणार? फक्त बँकेच्या काउंटरबद्दल त्याला विचारू नये, एवढं भान हवं.

याच सिटीत त्या काळात आशिया-पॅसिफिकचा कारभार आणखी एका माणसाकडे होता, तोही महाराष्ट्रात जन्मलेला. अजय बंगा, जन्म १९५९, पुण्याजवळच्या खडकीचा. वडील लष्करी अधिकारी, त्यामुळे बालपण बदल्यांत गेलेलं. बंगांचा बायोडेटा खालून वाचला तर पहिली ओळ आहे नेस्ले, १९८१, प्रशिक्षणार्थी. तेरा वर्षं नेस्लेत. म्हणजे दुकान, वितरक, गोदाम. मग पेप्सिको, मग सिटी, मग मास्टरकार्ड. २०१५ साली ओबामांनी त्यांना व्यापारविषयक सल्लागार समितीवर नेमलं, नंतर सायबर सुरक्षेच्या आयोगावर. २०२३पासून ते जागतिक बँकेचे अध्यक्ष. सायबर सुरक्षेवर नेस्लेच्या माणसाला का बोलावलं, असं वरून वाचणाऱ्याला वाटणार नाही, कारण त्याला नेस्ले दिसतच नाही. कार्डाचा धंदा चालवणाऱ्याला चोर कुठून आत येतो ते ठाऊक असतं हे खरंच. पण माल अगदी शेवटच्या दुकानापर्यंत पोचवायचा कसा, हे शिक्षण त्याच्याही आधीचं आहे.

या ‘शेवटच्या दुकानाच्या’ शिक्षणाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण ते आपल्या शेजारी घडलं. शिवडीला १९३४ साली लिव्हर ब्रदर्सचा साबणाचा कारखाना सुरू झाला. परळ-लालबागच्या घरांतून ‘लिव्हरमध्ये लागला’ हे वाक्य लग्नाच्या बैठकीत वजनदार ठरत असे. ग्लॅक्सो, लिव्हर, बर्मा शेल! गिरणीत लागलेल्या बापाचं स्वप्न असे की पोरानं ‘कंपनीत’ लागावं. त्याच लिव्हरनं पुढे आपल्या व्यवस्थापक प्रशिक्षणार्थींसाठी एक रीत घातली. उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात, खेड्यातल्या एखाद्या घरात, काही आठवडे राहायचं. टाय नाही, गाडी नाही. आयआयएममधून आलेल्या पोरांनी तिथे गोठ्यातलं शेण काढण्यापासून सगळं पाहिलं. कंपनीचा स्वार्थ त्यात होताच. साबण विकायचा तर अंघोळ कशी होते ते बघायला हवं. पण स्वार्थातूनही शिक्षण होतं.

नितीन परांजपे हे याच वाटेनं आलेले. इंजिनिअर, मग चर्चगेटजवळच्या जमनालाल बजाज संस्थेत व्यवस्थापनाचं शिक्षण, आणि १९८७ साली हिंदुस्थान लिव्हरमध्ये प्रशिक्षणार्थी. २००८ला भारतातल्या कंपनीचे प्रमुख, २०१९ला युनिलिव्हरच्या जागतिक कारभाराचे मुख्य अधिकारी, नंतर माणसांचा विभाग आणि भारतातल्या कंपनीचं अध्यक्षपद. एकच कंपनी, तीन दशकं. आजच्या तरुण मंडळींना हे जुनाट वाटेल. दर दोन वर्षांनी नोकरी न बदलणारा म्हणजे मागे पडलेला, अशी समजूत आहे. परांजपेंचा बायोडेटा त्या समजुतीला उत्तर देत नाही, नुसता समोर ठेवला तरी पुरतो.

आता २०२२कडे येऊ. त्या वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारनं आर्थिक सल्लागार परिषद नेमली. राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरवर कशी न्यायची, हे तिनं सांगायचं. अध्यक्ष टाटा सन्सचे एन. चंद्रशेखरन. यादी जाहीर झाली तेव्हा चर्चा झाली ती अंबानी आणि अदानी या दोन आडनावांची, कारण अनंत अंबानी आणि करण अदानी यांची नावं तीत होती. चर्चा व्हायलाही हवी होती. त्या दोघांचा बायोडेटा खालून वाचायला गेलं तर पहिल्या ओळीवर वडिलांचं नाव येतं आणि वाचन तिथेच थांबतं. पण त्या गदारोळात बाकीची यादी कुणी वाचलीच नाही, आणि खरा मजकूर तिथे होता.

चंद्रशेखरन स्वतः तामिळनाडूतल्या मोहनूर गावचे. शाळा तमिळ माध्यमाची. कॉलेजानंतर काही महिने घरची शेतीही करून पाहिली. १९८६ साली टीसीएसमध्ये उमेदवारीला आले, पुढच्या वर्षी नोकरीला लागले, २००९ला तिचे प्रमुख, २०१७ला टाटा सन्सचे अध्यक्ष. उमेदवार म्हणून आलेला माणूस तीस वर्षांत त्या समूहाच्या सर्वोच्च खुर्चीवर. मराठी शाळा बंद पडत असताना हा बायोडेटा पालकसभेत वाचून दाखवायला हरकत नाही.

विक्रम लिमये. सनदी लेखापाल, आर्थर अँडरसनमध्ये काम, व्हार्टनची एमबीए, न्यूयॉर्कमध्ये क्रेडिट सुईस फर्स्ट बोस्टनच्या नोकरीत काही वर्षं. २००४च्या सुमारास परत आले, आयडीएफसीत रस्ते-वीज-बंदरांच्या पैशाचं गणित बघितलं, तिचे प्रमुख झाले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट मंडळाचा कारभार बघायला प्रशासक नेमले, त्यांत विनोद राय, रामचंद्र गुहा आणि डायना एडलजी यांच्याबरोबर लिमये होते. त्याच वर्षी राष्ट्रीय शेअर बाजाराचे प्रमुख झाले, तेही तो बाजार को-लोकेशनच्या प्रकरणानं, म्हणजे काही दलालांना इतरांआधी माहिती मिळत असल्याच्या आरोपानं, हादरलेला असताना. हिशेब, परदेशी बँक, पायाभूत सुविधा, क्रिकेट, शेअर बाजार. दुसऱ्यानं केलेला पसारा आवरायला पाठवला जाणारा माणूस, हे या ओळींत दिसतं. कुठल्याही एका पदात ते दिसत नाही.

आणि विलास शिंदे. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात मोहाडीला त्यांची सह्याद्री फार्म्स. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून कृषी अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतलेला, नोकरी न करता शेतीत उतरलेला आणि कर्जात बुडून वर आलेला माणूस. २०१० साली युरोपनं भारतीय द्राक्षं नाकारली, कारण क्लोरमेक्वाट नावाच्या वाढरोधकाचे अंश त्यांत सापडले. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात त्या हंगामाची आठवण अजून काढतात. तोपर्यंत आपल्याकडे निर्यातीआधी या रसायनाची अशी तपासणी होत नव्हती आणि फवारणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. रॉटरडॅमच्या बंदरात कंटेनर अडला की मोहाडीच्या बागायतदाराचं वर्ष जातं, हे ज्यानं सोसलं आहे त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारावर बोलण्याचा अधिकार नाही असं कोण म्हणेल? परिषदेतला सगळ्यांत ‘आंतरराष्ट्रीय’ अनुभव कदाचित या दिंडोरीच्या माणसाकडे होता. दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना २००५ साली पुण्यात उभी करणारे मिलिंद कांबळे हेही त्याच यादीत होते, मूळचे लातूर जिल्ह्यातल्या चोबळीचे, स्थापत्याचे डिप्लोमाधारक.

एक गोष्ट या सगळ्या वाचनातून सारखी वर येते. उपयोगी सल्लागाराच्या बायोडेटात एक पडझडीचा काळ असतो, आणि परिचयातून नेमका तोच गाळला जातो. रतन टाटा घ्या. २००४ साली केंद्र सरकारनं गुंतवणूक आयोग नेमला, त्याचे ते अध्यक्ष. जपानच्या मित्सुबिशीपासून अमेरिकेच्या जेपी मॉर्गनपर्यंत परदेशी कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार मंडळांवरही ते बसले. वास्तुकला शिकून आलेला हा माणूस १९६२ साली टाटा समूहात कामाला लागला आणि पुढे जमशेदपूरला पोलादाच्या कारखान्यात राबला. १९७१ साली त्यांच्याकडे नेल्को दिली. रेडिओ-टीव्हीची तोट्यातली कंपनी. मग नागपूरची एम्प्रेस मिल, जमशेटजी टाटांनी १८७७ साली उभी केलेली, समूहाची पहिली मोठी गिरणी. ती सुधारायला लागणारा पैसा समूहातून मिळाला नाही आणि १९८६ साली ती बंद झाली. दोन अपयशं घेऊन हा माणूस १९९१ला अध्यक्ष झाला. कामगारांची गिरणी बंद होते म्हणजे काय होतं, हे ठाऊक असलेला एखादा माणूस मुंबईच्या गिरण्यांचा प्रश्न चर्चेला आला तेव्हा समितीत हवा होता की नको?

त्या समितीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला आणि अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जागा विकसित करायची तर तीन वाटे करायचे. एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. १९९६ साली सरकारनं वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. कोरियांनी सगळ्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा करायचा सल्ला दिला. चांगला सल्ला, चांगला सल्लागार. पुढे काय झालं? २००१ साली नियमात एक बारीक दुरुस्ती झाली. वाटे पडायचे ते पूर्ण जमिनीचे नाहीत, मुळात मोकळ्या असलेल्या तुकड्याचेच. जवळपास सगळी जमीन मालकाकडे राहिली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती उचलून धरली. त्याच्या आधीच, २००५ मध्ये, इथून चालत जाण्याच्या अंतरावरची कोहिनूर मिलची जागा ४२१ कोटींना विकली गेली होती. तिथे आता काय उभं आहे ते दादरकरांना सांगायला वक्ता नको.

तेव्हा नुसता सल्लागार चांगला असून भागत नाही. लंडनच्या धर्तीवर १९९५ साली निघालेल्या बॉम्बे फर्स्टनं २००३ मध्ये मॅकिन्झीकडून एक अहवाल करून घेतला. दहा वर्षांत, २०१३पर्यंत, मुंबई जागतिक दर्जाची करायची. खर्चाचा अंदाज ४० अब्ज डॉलर. अहवाल गुळगुळीत कागदावर होता. त्यातल्या काही गोष्टी झाल्या, बऱ्याच झाल्या नाहीत, आणि झाल्या-न झाल्याचा हिशेब घ्यायला कोणी परत आलं नाही. शांघायच्या परिषदेत निदान बरीचशी माणसं दरवर्षी त्याच खुर्च्यांवर येऊन बसतात, आणि गेल्या वर्षी काय बोललो होतो ते त्यांना आठवावं लागतं. आपल्याकडे अहवाल स्वीकारण्याचा फोटो हाच समारोप. राज्याच्या परिषदेनंही २०२३ मध्ये आपला अहवाल दिला. या सभागृहातल्या किती जणांनी तो पाहिला आहे? हात वर करू नका, अवघडायला होईल.

म्हणून इथल्या श्रोत्यांकडे एक मागणी आहे, आणि ती सरकारकडेही पाठवता येईल. पुढच्या वेळी अशी परिषद नेमली जाईल तेव्हा सदस्याच्या नावासमोर पाच ओळी छापाव्यात. पहिली नोकरी कोणती, कोणत्या साली. सर्वांत मोठं नुकसान कुठे झालं आणि तेव्हा हा माणूस कोणत्या खुर्चीवर होता. राज्यात आज त्याच्या कंपनीची कोणती मागणी सरकारदरबारी पडून आहे. सामान्य पगारावर किती वर्षं काम केलं. आणि याआधी कोणत्या समितीवर होता, तिच्या शिफारशींचं काय झालं. नानांच्या वेळी हे सगळं गिरगावात तोंडी ठाऊक होतं. आता छापावं लागेल.

आपल्या वाचनालयांनाही एक विनंती. यशोगाथांची कपाटं भरलेली आहेत. त्यांच्या शेजारी कंपन्यांचे वार्षिक अहवाल, संसदेपुढच्या साक्षी आणि अशा परिषदांचे अहवाल ठेवायला एक फळी रिकामी करावी. राज्याच्या २०२३च्या अहवालापासून सुरुवात करता येईल.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटं राखून ठेवली आहेत. पहिला प्रश्न मागच्या रांगेतून घ्यावा, म्हणजे खालून वर जाता येईल.